खेळाच्या पेट्यांचं लायसन

त्या माणसाचा राग मला अजून येतो. तसा मला बऱ्याच जणांचा येतो, माझा स्वभावच तापट आहे, आणि महाडच्या तहसील कचेरीच्या भिंतीला टेबल लावून टायपिंगची कामं घेणाऱ्या बाईला गरीब स्वभाव परवडतही नाही. पण बाकीच्यांचा राग येतो, चार शब्द बोलून होतात आणि तो जातो. या माणसाचा राग मुक्कामालाच आलेला आहे.

सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचे. मूळचे पोलादपूरकडच्या कापडे गावचे. मुंबईत टीव्हीची लाकडी खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुतार होते. तेव्हाचा टीव्ही म्हणजे चार पायांवरचं सरकत्या दाराचं कपाटच असायचं. पुढे खोकी प्लॅस्टिकची झाली आणि काकांचा कारखाना बसला. अशी परत आलेली माणसं आमच्या तालुक्यात खूप. ती येताना भांडी आणतात, नाहीतर खोकला आणतात. काकांनी भंगारातले टीव्ही आणले आणि कुठल्याशा गल्लीत मिळालेल्या व्हिडिओ गेमच्या सर्किटाच्या पट्ट्या आणल्या. कचेरीसमोरच्या गल्लीत एक गाळा भाड्यानं घेतला आणि आत ठोकाठोक सुरू केली.

पेट्या त्यांनी स्वतः बनवल्या. ते कधी मशीन म्हणायचे नाहीत, पेटीच म्हणायचे. बाजू फणसाच्या फळ्यांच्या, वरून उन्हाची झळ काचेवर पडू नये म्हणून पुढे काढलेली पडवी, दाबायची बटणं दाराच्या बेलची, आणि विमान इकडेतिकडे न्यायचा दांडा शिवणीच्या लाकडाचा, वर भोवऱ्यासारखा गोंडा. हाताला तो इतका गुळगुळीत लागायचा की खेळ येत नसला तरी धरून बसावंसं वाटे. सावित्री नदीचं पाणी पेठेत शिरतं, म्हणून प्रत्येक पेटीला वेगळे उंच पाय केलेले होते. पुराची चाहूल लागली की पाय ठोकायचे, पेटी वर. आणि एक पेटी मुद्दाम बुटकी, पाटावर मांडी घालून खेळायची. ती कुणासाठी म्हणून मी विचारलं तर माझ्यावरच खेकसले, "ज्याला बसायचं त्याच्यासाठी. उभंच राहून खेळायचा कुठं लिवलाय?"

माणूस तिरसटच. कानावर पेन्सिल, खिशात मोजपट्टी, आणि दिसेल त्याचं माप काढायची खोड. एकदा मी जेवायला घरी गेले आणि परत येऊन बघते तर माझं टेबल बुटकं. यांनी चारही पाय कापलेले. विचारणं नाही, सांगणं नाही. "खांदं वर चढवून मारतेस तू. बघवत नाय," एवढंच. मी भर रस्त्यात त्यांना वाट्टेल ते बोलले. टेबल माझ्या वडिलांनी घेऊन दिलेलं होतं. काका कापलेले तुकडे हातात घेऊन ऐकत उभे राहिले आणि माझं संपल्यावर म्हणाले, "झाला? आता बस नि मारून बघ." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खांदेदुखी मात्र थांबली, आणि ती थांबली याचाही मला राग आला.

पेटीवर थाप मारणाऱ्याला ते बखोटीला धरून बाहेर काढत. गल्लीच्या टोकापर्यंत शिव्या देत जात आणि तिथून त्यालाच हाक मारून परत आणत. लाइट गेली की अर्धवट राहिलेला डाव पुन्हा फुकट देत. एक डाव जिंकला की दुसरा बक्षीस, हाही त्यांचाच नियम. आणि गाळ्याच्या कपाळावर निळ्या रंगात त्यांनी स्वतः लिहिलेला बोर्ड: सर्वांस प्रवेश.

हे सगळं ठीक चाललं होतं. एस.टी. स्टँडमागच्या एका हॉटेलातही असंच एक मशीन होतं, मुंबईहून आणलेलं. तो हॉटेलवाला वेळच्या वेळी चहापाणी पोचवायचा आणि सुखात होता. कुणी त्याला काही विचारत नव्हतं, तो कुणाला काही विचारत नव्हता. काकांनी जाऊन विचारलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

एका सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभे. "टायपिस्टबाय, एक अर्ज मार. लायसन पायजे."

"कसलं लायसन?"

"ह्याला जो लागतो तो."

मी म्हटलं, "काका, कुणी मागितलंय का? झाकली मूठ राहू दे की. त्या हॉटेलवाल्यासारखं करा."

"चहापानी दिला की उद्या दुसरा येतो. त्याला द्या, परवा तिसरा. कागद असला की कोन उठवत नाय."

आमच्या लोकांची कागदावर भारी श्रद्धा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणीही येऊन ऊठ म्हणालं, त्यांना शिक्का मारलेला कागद म्हणजे घराच्या भिंतीइतका भरवशाचा वाटतो. माझ्या वडिलांचंही तसंच होतं, म्हणून तर त्यांनी मला टायपिंगला घातलं. मी अर्ज मारला.

कचेरीत त्या पेटीला नावच नव्हतं. तमाशाचा फड, सर्कस, जत्रेतला पाळणा, सिनेमा, सगळ्यांचे नियम होते. पेटी कशात बसेना. अव्वल कारकुनानं काकांना समोर उभं करून चौकशी केली. मी अर्जावरची सही घ्यायला तिथेच होते.

"पडदा आहे का?"

"काच हाय."

"चित्र हलतं का?"

"हालणार नाय तर खेळणार काय, कप्पाळ?"

"मग सिनेमा," असं म्हणून अव्वल कारकुनानं पानाची पिचकारी मारली.

झालं. चार फळ्यांची पेटी, पण अटी सगळ्या सिनेमा थिएटरच्या. दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत. लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या पाहिजेत. पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय पाहिजे. पोलीस ठाण्यात वेगळाच घोळ. फौजदार म्हणाले, जिंकल्यावर फुकट डाव देता म्हणजे बक्षीस देता, बक्षीस आलं की जुगार आला. काकांनी समजावलं की इथे नशीब नाही, हात आणि डोळा आहे, ज्याला येतं तो जिंकतो. फौजदार म्हणाले, ते कोर्टात सांगा. मग फुकट डाव बंद झाला. गिऱ्हाईक काकांना शिव्या घालून गेलं. काकांनी त्या निमूट ऐकल्या आणि जाऊन बादल्या रंगवायला घेतल्या.

सगळं केलं हो या माणसानं. कुणीही केलं नसतं. बोलणी खात, बोलणी देत एकेक अट पुरी केली. दारं उतरवून उलटी बसवली. मग त्यांना दारांचं वेडच लागलं. ज्या कचेरीत जातील तिथे आधी दार ढकलून बघायचे. "साहेब, तुमचा दार आत उघडतोय. आग लागली तर?" अव्वल कारकुनाला विचारलं, फौजदारांना विचारलं, बँकेतही विचारलं. वाळूची बादली कुठाय, म्हणायचे. तहसील कचेरीत एक बादली होती, तिच्यात विड्यांची थोटकं. ती त्यांनी कारकुनाच्या टेबलावर नेऊन ठेवली. अर्ज पुढे सरकायचा तो तिथेच अडला, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. "काका, आपलं काम करून घ्यायचंय की त्यांची परीक्षा घ्यायचीय?" म्हटलं. "नियम सगळ्यांस हाय," म्हणाले.

आता शौचालयाचं सांगते. त्या कचेरीत बायकांसाठी सोय नव्हती. पूर्ण पेठेत नव्हती. मी सकाळी घरून निघताना चहा घेत नसे आणि संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. कचेरीतल्या दोघीतिघी दुपारी कुणाकुणाच्या ओळखीच्या घरी जाऊन यायच्या. बाजाराच्या दिवशी वाड्यांवरून भाजी, कोंबड्या घेऊन उतरलेल्या बायकांचं तर विचारूच नका, त्या उजाडायच्या आत निघालेल्या असायच्या. ज्या कचेरीनं हे कधी मनात आणलं नाही तिनं एका सुताराला लेखी कळवलं, की स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय केल्याखेरीज परवानगी मिळणार नाही. तो कागद वाचून माझं डोकं असं फिरलं की मी तो त्यांच्या तोंडावर फेकायला निघाले होते. काका म्हणाले, "चिडतेस कशाला? बरोबर तर लिवलाय."

आणि बांधलं. गाळ्याच्या मागं, गल्लीकडून दार, दोन बाजूंना दोन. गवंडीकाम शिकत शिकत स्वतः केलं, भिंती थोड्या तिरप्या झाल्या. पण दारं सुताराची होती. आतली कडी अशी बसवलेली की एका बोटानं लागे आणि बाहेरून धक्का मारला तरी हलत नसे. पहिल्या दिवशी आत जाऊन मी ती कडी लावली आणि नुसती उभी राहिले. मला रडू आलं, काय सांगू. बाहेर येऊन नळाखाली ओंजळ धरून मी भर दुपारी पोटभर पाणी प्यायले. या दारांवरही त्यांनी निळ्या रंगात लिहिलं होतं, सर्वांस प्रवेश.

त्यानंतर बाजारच्या बायका मागून जाऊन पुढे गाळ्यात टेकायला लागल्या. बुटक्या पेटीसमोर पाट होताच. कापड्याची एक भाजीवाली होती, काकांच्या नात्यातली नव्हे, त्यांच्या शेजारच्या वाडीतली, मराठ्यांची. टोपली रिकामी झाली की येऊन बसायची. पदर खोचून दांडा असा धरायची जसा काही जात्याचा खुंटा.

"गो बाय, डावीकडं बघ, डावीकडं!" काका मागून ओरडायचे.

"बघतंय नव्हं! तुमी गप ऱ्हावा. ओरडलाव की हात चुकतो माजा."

तिची विमानं पडायला लागली की पोरं भोवती जमायची. पेठेतल्या दुकानदारांची पोरं, बौद्धवाडीची पोरं, सगळी तिच्या खांद्यावरून वाकून. काका मागे हात बांधून उभे राहायचे. तेवढ्या वेळापुरता त्यांचा चेहरा बरा दिसायचा.

पेठेतल्या काही सभ्य माणसांना हे बघवलं नाही. तक्रार गेली. मी ती वाचली आहे, तिच्यात जुगाराचं नाव नव्हतं, अभ्यासाचं नव्हतं. तक्रार एवढीच, की तिथे कोणीही येतं आणि कोणाच्याही शेजारी बसतं. कचेरीनं फाइल बाजूला ठेवली. सगळ्या अटी पुऱ्या झाल्यावर ही नवी अडचण निघाली, "सार्वजनिक शांततेस बाध".

मग वकीलसाहेब आले. कोर्टात बरी चालणारी वकिली, बोलणं तुपातलं. माझ्याच टेबलाशी खुर्ची ओढून त्यांनी काकांना उपाय सांगितला. "लायसन सार्वजनिक जागेला लागतं. तुम्ही ही जागा सार्वजनिक ठेवताच कशाला? एक मंडळ काढा. नाममात्र वर्गणी. सभासद खेळतील, बाकीच्यांना मज्जाव. खाजगी जागा झाली की लायसन नको, कर नको, तुमच्या त्या बादल्याही नकोत. फक्त बोर्ड बदला."

सल्ला पक्का होता. मलाही पटला. मी त्याच दुपारी मंडळाच्या नियमांचा मसुदा टाइप करून काकांच्या हातात दिला. काका अक्षरावर बोट ठेवून वाचायचे. एका ओळीवर बोट थांबलं. सभासदांखेरीज कोणासही प्रवेश नाही.

"वकीलसाहेब, ती कापड्याची बाय येते. ती सभासद हाय काय?"

"हवं तर करून घ्या तिला."

"नि नाय केली तर?"

"तर नाही येणार. तुमची मर्जी. तोच तर फायदा आहे."

काका ओरडले नाहीत, म्हणून मीच घाबरले. "ह्या गावात?" म्हणाले. "ह्या गावात मी असा बोर्ड लावू?"

वकील हसले. "अहो, तळ्याचा आणि व्हिडिओ गेमचा काय संबंध?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. आमच्या टेबलापासून चवदार तळं हाकेच्या अंतरावर. काकांचे वडील तरुणपणी कापड्याहून चालत आले होते आणि त्या तळ्याचं पाणी प्यायलेल्यांत होते, माझे आजोबाही होते. त्याबद्दल डोकी कुणाची फुटली तेही दोन्ही घरांना माहीत होतं. काका हे कधी बोलून दाखवत नसत. त्या वकिलाच्या हसण्याचा मला असा संताप आला की हातातला कार्बन मी चुरगाळला. पण खरं सांगते, त्याहून जास्त संताप काकांचा आला. वकील गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "काका, तळं ते तळं. हे पोट आहे. लावा एक फळी आणि घ्या सगळ्यांना आत, कोण बघायला येतंय?"

"फळी वाचता येनाऱ्याला काय सांगू?" म्हणाले आणि मसुदा माझ्या टेबलावर ठेवून गेले.

अर्ज फेटाळला गेला. गाळ्याला सील लागलं. पेट्या आत, बाहेर लाख आणि कापडाची पट्टी. मागच्या शौचालयाचं दार गल्लीकडून वेगळं होतं, पंचनामा करणाऱ्यानं तिकडे जाऊन बघायचा कंटाळा केला, म्हणून ते तेवढं राहिलं.

त्या पावसाळ्यात सावित्री चढली. पाणी गांधारी नदीच्या बाजूनं पेठेत यायला लागलं तशी दुकानदारांनी पोती माळ्यावर चढवायला सुरुवात केली. काका पेट्यांचे पाय दोन्ही काखांत घेऊन कचेरीत आले. पाय घरी ठेवलेले, पेट्या सीलमागे. मी बरोबर गेले. भिजलेले, पायांत चप्पल नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस कुणाला हात जोडत होता. "साहेब, पाय ठोकतो नि भायेर येतो. तुमी शिपाई द्या संगती. परत लावा सील."

अव्वल कारकून म्हणाले, "आदेशाशिवाय सील काढता येत नाही. साहेब अलिबागला गेलेत."

मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिपायानं मला बाहेर काढलं. काका गाळ्यासमोर जाऊन उभे राहिले. ते दार, जे कचेरीच्या हुकमानं त्यांनी बाहेर उघडणारं केलं होतं, त्याच्या फटीतून पाणी आत जात होतं. पट्टी फाडायला एका हाताचं काम होतं. मी ओरडले, "फाडा!" सगळी गल्ली ओरडत होती. काकांनी फाडली नाही. सरकारी सील आहे म्हणाले. पाय काखेत धरून गुडघाभर पाण्यात उभा होता तो माणूस, आणि त्या क्षणी मला त्यांच्याच अंगावर धावून जावंसं वाटत होतं.

पाणी ओसरल्यावर सील निघालं. फणसाच्या फळ्या फुगून उकललेल्या, आत चिखल. शिवणीचे गोंडे तेवढे चांगले होते. ते त्यांनी पुसून खिशात घातले.

दिवाळीनंतर कोपऱ्यावरच्या गाळ्यात वकिलाच्या भाच्यानं क्लब काढला. मुंबईहून आणलेली तयार मशिनं, बाहेर रंगीत बोर्ड: फक्त सभासदांसाठी. खाजगी जागा, म्हणून लायसन नाही. दार आत उघडणारं. बादली नाही. आणि शौचालय नाही, कारण खाजगी जागेला ते सक्तीचं नाही. मग सभासद कुठे जाणार? गल्लीतून मागे, काकांच्या दाराशी.

काका तेव्हा बंद गाळ्याच्या पायरीवर बसून पाट आणि शिड्या बनवायचे. रोज सकाळी खराटा आणि फिनेल घेऊन दोन्ही शौचालयांतली घाण स्वतः धुवायचे, मोठमोठ्यानं शिव्या देत. पण धुवायचे.

बाजाराचा दिवस होता. बायकांची रांग उभी होती, कापड्याची भाजीवाली डोक्यावरची टोपली सावरत शेवटी. पुरुषांचं दार आधीच कुणी अडवलेलं, म्हणून क्लबचा एक सभासद सरळ बायकांच्या बाजूला घुसला. तेवढ्यात पुरुषांच्या दारातून बाहेर आले ते वकीलसाहेब. धोतराचा सोगा झटकत काकांना म्हणाले, "पाणी जरा जास्त ठेवत जा हो."

माझं डोकं फुटायचं बाकी राहिलं. मी टेबलावरून उठून काकांसमोर गेले. "कुलूप लावा! आजच्या आज लावा! त्यांच्या दारात तुम्हांला उभं करत नाहीत आणि त्यांची घाण तुम्ही काढता? लाज वाटत नाही तुम्हांला? बायकांना चाव्या देऊ आपण, मी देते, पण हे नकोत!"

काकांनी रंधा खाली ठेवला. आत जाऊन कुलूप आणलं, नवं, चावी तशीच दोऱ्यात. माझ्या हातात ठेवलं. मला वाटलं, जिंकले.

"लाव," म्हणाले. "पन बोर्ड बदलाया लागंल. त्याच्यावर काय लिवायचा तेवढा टाइप करून दे. मी रंगवतो."

मी तरातरा टेबलाशी आले. कागद लावला. कुलूप शेजारी ठेवलं. त्या चार पायांनी बुटक्या झालेल्या टेबलावर हात बरोबर उंचीला टेकले होते, खांदे खाली. "सर्वांस प्रवेश" एवढं टाइप केलं, आणि पुढे "क्लबच्या सभासदांखेरीज" लिहायला बोट उचललं. काका पायरीवरून माझ्याकडे बघत नव्हते, पाटाला रंधा मारत होते. रांगेतली भाजीवाली माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी कागदावर तेवढेच दोन शब्द होते. मी ते कुलूप न लावताच त्यांच्या पायरीवर आपटलं आणि घरी गेले. त्या माणसाचा राग मला अजून येतो.